टेकवाबाई

तिचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. गजर ती लावत नसे. गजर वाजला तर सासू जागी व्हायची, आणि सासू जागी झाली की दिवसाच्या आधी भांडण सुरू व्हायचं. अंधारातच स्टोव्ह पेटवायची, मुलीचा डबा, स्वतःचा डबा, सासूचं झाकून ठेवायचं ताट, दोन बादल्या पाणी. नवरा बेकरीत भट्टीवर रात्रपाळीला. तो साडेपाचला यायचा, ही पावणेसहाला निघायची. गादी एकच, आणि ती कधी गार झाली नाही. ‘दूध आलंय.’ ‘नळ गेलाय.’ एवढा संसार. मुलगी झाली तेव्हा दोघांपैकी कुणाला तरी सुट्टी मिळाली असणार.

हे मी पाहिलेलं नाही. तिनं सांगितलेलं आहे, निरनिराळ्या जिन्यांत, काच टेकवून बसलो असताना. काच टेकवून बसायची सवय तिनंच आम्हाला लावली. ती कशी लावली, ते सांगतो.

आमची काचेची वखार. वर पत्रे, खाली फरशी, दोन्ही बाजूंना लाकडी घोड्या आणि घोड्यांवर तिरक्या उभ्या केलेल्या काचा. मोठी काच आडवी टाकत नाहीत. आडवी टाकली की स्वतःच्याच वजनानं तडकते. उभी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. माणसाचं नेमकं उलटं आहे.

ती तिथे काचा पुसायला लागली. काच पुढे कलती करायची, पुसायची, मधे कागद घालायचा, मागे टेकवायची, पुढची घ्यायची. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत. सहा वर्षं. हजेरीच्या वहीत तिच्या कामापुढे ‘पुसणारी’ एवढंच लिहिलेलं होतं. काचेवर बोटाच्या पेरानं टकटक केलं की कुठली काच आतून बिघडलेली आहे ते तिला कळायचं. आम्हाला कळत नसे. आम्ही उचलणारे होतो. उचलणाऱ्याला काही कळलं पाहिजे अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

उचलणाऱ्यांची टोळी चौघांची. एक गोणी, कारण तो तसा होता. एक उंट, कारण तो तसा होता. एक मुकादमाचा मेहुणा, ज्याला दुसरं नाव पडलंच नाही; मेहुणा हीच त्याची लायकी होती आणि हाच त्याचा धंदा. चौथा मी. मुकादम पुढे चालायचा आणि हुकूम द्यायचा. मुकादम उचलत नाही. तो उचलणाऱ्यांना शिव्या देतो. सोपं काम नाही ते, करून पाहा.

टोळीत एक नियम होता. तो कोणी केला ते कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तो मोडताही येत नव्हता. एकदा उचललेली काच मुक्कामाला पोचेपर्यंत टेकवायची नाही. ज्याच्या तोंडून पहिल्यांदा ‘टेकवा’ निघेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. वर आठवडाभर सगळे त्याला ‘वहिनी’ म्हणणार. ‘वहिनी, पट्टा द्या.’ ‘वहिनी, पदर सांभाळा, ट्रक मागे येतोय.’ मी नवा होतो तेव्हा एक आठवडा वहिनी होतो. तो आठवडा संपला तेव्हा ठरवलं, मनगट तुटलं तरी तोंड उघडायचं नाही.

सगळ्यांनीच तसं ठरवलेलं होतं. म्हणून काचा फुटायच्या. दर आठ-नऊ काचांमागे एक. हात घामानं सुटत चाललाय हे ज्याचं त्याला कळायचं, आणि प्रत्येक जण दुसऱ्यानं म्हणावं म्हणून वाट पाहायचा. काच वाट पाहत नाही. फुटली की मुकादम म्हणायचा, “माल हलका आला.” मालक म्हणायचे, “हल्ली माल हलकाच येतो.” मग सगळे समाधानी.

गोणी आमच्यातला सगळ्यांत दणकट. एका जिन्यात त्याचं आतडं उतरलं. तरी ‘टेकवा’ म्हणाला नाही. वर पोचला, काच चौकटीत बसवली, मग खाली बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, यापुढे जड उचलायचं नाही. टोळीत त्याचं कौतुक फार झालं. भेटायला दोघेच गेलो.

आता चौथा कोण? मालकांनी वखारीत नजर फिरवली आणि पुसणारीवर थांबवली. मालक उदार नव्हते. नवा माणूस आणायचा तर नवा पगार द्यावा लागतो, ही तर पगारात होतीच.

“चार दिवस हिला घ्या,” मालक म्हणाले.

“मालक, बाई?” मुकादम.

“बाई तर बाई. दिवसभर काचाच तर हलवते.”

“हलवणं वेगळं, उचलणं वेगळं.”

“हो ना,” ती फडकं पिळत म्हणाली. “मी हलवलेली अजून एक फुटली नाही.”

मेहुणा हसला. मीही हसलो. तिला नव्हे, मुकादमाला हसलो असं नंतर मी लोकांना सांगितलं. ते खोटं आहे.

पहिलं काम नाचाच्या वर्गाचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आठ बाय सहाचे पाच आरसे. आरसा उचलण्यात एक जास्तीचा ताप असतो. स्वतःचं तोंड समोर दिसतं. त्यामुळे कोणी दमल्यासारखं दिसायला तयार नव्हतं. मेहुणा तर मधूनमधून केस पाहत होता.

जिन्यात खालच्या टोकाला वजन जास्त येतं, म्हणून खालचं टोक मानाचं. त्या मानावरून आमची दर कामाला भांडणं. वरच्या टोकाला उंचाड्या माणसाला वाकून चालावं लागतं, पाठ मोडते, काच तिरकी होते. आम्ही सगळेच उंच आणि सगळ्यांनाच मान हवा. तिला विचारलंच नाही, वर ढकललं. ती बुटकी. तिला वाकावंच लागलं नाही. आरसा पाण्यासारखा सपाट चालला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आतडं उतरल्याशिवाय कौतुक करायचा नियम आमच्याकडे नव्हता.

दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या चौकात ती म्हणाली, “टेकवा.”

चौघंही थबकलो. मुकादम वरून मागे वळला. “काय म्हणालीस?”

“हात सुटतोय. टेकवा.”

तिनं कमरेला सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधून आणले होते. एका हातानं ते काढून पायानं सरकवले, आणि आरसा त्यांवर उभा राहिला. ठक्क झालं नाही, की कडेचा टवका उडाला नाही. उंटानं हात मोकळे केले. त्याची बोटं पांढरी पडली होती आणि उघडत नव्हती. तीच बोटं घेऊन तो आणखी एक मजला चढणार होता.

मेहुण्याला आठवलं. “वहिनी!” तो ओरडला. “वहिनी झाल्या! चहा पाजा वहिनी!”

“पाजते,” ती म्हणाली. “आणि वहिनी तर वहिनी. माझे दोन दीर आहेत, तेही तेच म्हणतात. त्यात एवढं ओरडायचं काय?”

मेहुण्याचं तोंड उघडंच राहिलं आणि ते त्याला समोर आरशात दिसलं. शंभर माणसं भादरलेला वस्तरा हिच्यापुढे बोथट निघाला. बाईला ‘वहिनी’ म्हणून चिडवायचं कसं, याचा विचार नियम करणाऱ्यानं केलेलाच नव्हता. त्याला कुठे वाटलं होतं की असं काही उचलायची वेळ बाईवर येईल.

पाचही आरसे साबूत वर गेले. तिनं चहा पाजला, पुढच्या कामाला परत पाजला, त्याच्या पुढच्या कामालाही पाजला. तिचं नाव टेकवाबाई पडलं. चार दिवसांचे चार महिने झाले आणि त्या चार महिन्यांत दोन काचा फुटल्या. त्यातली एक ट्रकवाल्यानं फोडली.

घरी वेगळाच तमाशा. सासू शेजारणीला सांगायची, “काच उचलते म्हणे. घरात बादली उचलताना कमर धरते.”

“बादलीला चार जण धरत नाहीत, आत्याबाई,” ही आतून म्हणायची. “धरता का एक बाजू?”

शेजारणीनं एकदा नवऱ्याला गाठलं. “चार परक्या पुरुषांबरोबर जिन्याजिन्यात फिरते हो तुमची बायको.”

तो भट्टीवरून आलेला, डोळ्यांत झोप. “चारांत एक काचही असते,” म्हणाला आणि गादीवर पडला. तो जास्त बोलणारा नव्हता. पण तिनं हा संवाद मला पंधरा-वीस वेळा सांगितला.

टोळीत आता निराळाच प्रकार सुरू झाला. जिन्यात कोणीतरी दबक्या आवाजात विचारायचं, “बाई, दमलात का?”

“नाही.”

“नीट बघा. दमला असाल.”

“नाही रे उंटा, बरी आहे मी.”

“बाई, हात घसरत असेल तुमचा.” उंटाच्या कपाळावरून घाम नाकावर आणि नाकावरून काचेवर.

मग ती म्हणायची, “टेकवा.” चहा तिच्या माथी. दीड वर्ष तीन पुरुषांचा दमसास एका बाईच्या तोंडून बाहेर पडत होता. मीही तिला ‘दमलात का’ विचारलंय. अनेकदा.

एक दिवस तिनं चहाच्या टपरीवर जाहीर केलं, “आजपासून ज्याचं त्यानं म्हणायचं. मी फक्त माझ्या हाताचं म्हणेन. आणि चहा ‘टेकवा’ म्हणणारा पाजणार नाही. न म्हणता काच फोडणारा पाजेल.”

“हा कुठला नियम?” मेहुणा.

“आधीचा कुठला होता?”

मुकादम बशीत चहा ओतत होता. त्याची स्वतःची पाठ तेव्हा पार गेलेली होती. त्यानं वर पाहिलं नाही. “चालू द्या,” म्हणाला. पहिला महिना कोणी तोंड उघडलं नाही, आणि एका आठवड्यात मेहुण्यानं दोनदा चहा पाजला. मग त्याचंही तोंड सुटलं. आपल्या खिशाइतका समजूतदार अवयव माणसाला नाही.

हळूहळू ती आणखी एक काम करायला लागली. मोठी काच असली की आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन जिना मोजून यायची. टेप मालकांच्या टेबलात कुलपात असायचा, म्हणून सुतळी घेऊन जायची. वळणाला एक गाठ, दाराला एक गाठ, कठड्याला एक गाठ. सकाळी ती सुतळी काचेला लावून बघायची आणि मुकादमाला सांगायची, “उजव्या अंगानं घ्या. तिसऱ्या पायरीला चौकट लागेल.” मुकादम तेच मोठ्यानं, शिवी घालून आम्हाला सांगायचा. काम नीट व्हायचं. वहीत ती अजून ‘पुसणारी’ होती, आणि पगारही पुसणारीचाच.

मग मुकादमानं काम सोडलं. पाठीमुळे. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यानं मालकांना सांगितलं, “माझ्या जागी तिला घ्या.” मी तिथेच काच कापत होतो. स्वतःच्या मेहुण्याला सोडून तो हे म्हणाला, यावरून तो मेहुण्याला किती ओळखत होता ते समजा.

ती मालकांसमोर जाऊन उभी राहिली. पुसणारीच्या पगारात चार वर्षं टोळीचं काम केलं होतं. तिला मुकादमाची जागा हवी होती, आणि मुकादमाचा पगार. दोन्ही मागितलं. सरळ.

मालक टेबलावरचे कागद इकडचे तिकडे करत होते. “अगं, काम तू करतेस, मी कुठे नाही म्हणतोय? पण बाई हुकूम सोडणार आणि पुरुष उचलणार, गिऱ्हाईक हसेल.”

“काच फुटल्यावर गिऱ्हाईक रडतं ते चालतं?”

“तुझी जीभ बघ. म्हणूनच नको म्हणतो.”

मुकादमाची जीभ पाहिली असती तर मालकांच्या मागच्या भिंतीचा रंग उडाला असता. पण ती पुरुषाची होती, तिला वचक म्हणतात.

मेहुणा मुकादम झाला. पहिल्याच दिवशी त्यानं दोन पहिलवान टोळीत आणले, टेकवाबाईच्या हातात परत फडकं दिलं, ट्यूबचे तुकडे उकिरड्यावर फेकले आणि जुना नियम चालू केला. ‘टेकवा’ म्हणेल त्यानं चहा पाजायचा, आणि वहिनी आठवड्याऐवजी महिनाभर. पहिलवान खूश. त्यांना वजन उचलायला आवडायचं. दुसरा कधी उचलतोय याची वाट पाहायला आवडायचं नाही. पहिल्या महिन्यात सहा काचा गेल्या. मालक म्हणाले, माल हलका आला.

ती पुसत राहिली. मी एकदा म्हणालो, “बाई, सोडून द्या ना हे. दुसरी वखार बघा.”

“का? मी काय फोडलंय?” म्हणाली.

पुढच्या महिन्यात हॉटेलचं काम आलं. नवं हॉटेल, दुसरा मजला, रस्त्याच्या बाजूला दहा बाय सहाची एकच काच. बारा मिलिमीटर जाडीची, भट्टीत तापवून कडक केलेली. अशी काच एकदा तापवली की कापता येत नाही. जशी आहे तशीच न्यावी लागते. मधे हातोडा मारलात तरी कदाचित सोसेल, पण कोपऱ्याला ठेच लागली की सगळीचा साखरेसारखा चुरा. वजन पावणेदोनशे किलोला थोडंसं कमी.

कोणी सांगितलं नसताना आदल्या संध्याकाळी ती सुतळी घेऊन तिथे जाऊन आली. सकाळी ट्रक भरत होतो तेव्हा मेहुण्याजवळ आली.

“पहिल्या मजल्याच्या वळणावर अडकेल. कठडा काढा. चार बोल्ट आहेत. चार बोटं जागा मिळेल, तेवढी पुरते.”

“तुला कोणी विचारलं?”

“कोणी नाही.”

“मग काचा पूस.”

तिनं सुतळी गुंडाळली आणि फडकं उचललं.

काच पहिल्या मजल्याच्या वळणावर अडकली. खालच्या टोकाला दोन पहिलवान, वरच्या टोकाला उंट आणि मी, दोघंही कमरेत मोडलेले. पुढचा कोपरा भिंतीपासून दोन बोटांवर, मागची कड लोखंडी कठड्याला भिडलेली. मेहुणा वरच्या पायरीवरून ओरडत होता, “रेटा! रेटा!” पहिलवानांनी रेटलं. काच किरकिरली. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याच्या दाढा अजून दुखत असतील.

उंट म्हणाला, “टेकवा.”

शांत झालं. त्या शांततेत मेहुण्याला आपलं कर्तव्य आठवलं. “वहिनी!” तो म्हणाला. “उंट वहिनी झाला रे!”

कोणी हसलं नाही. पहिलवानही नाहीत.

“हो,” उंट म्हणाला. “वहिनीच पाहिजे आता. बोलवा तिला.”

खाली घालायला काही नव्हतं. उंटानं पायातल्या चपला काढल्या आणि काचेखाली सरकवल्या. मी माझ्या सरकवल्या, मग पहिलवानांनी. पावणेदोनशे किलो काच आठ चपलांवर उभी राहिली, आणि ती कलंडू नये म्हणून आम्ही चौघं अनवाणी तिला खांदे लावून बसलो. वरच्या मजल्यावर हॉटेलचा रंगारी अडकला होता. तो दर पाच मिनिटांनी वरून विचारायचा, “मला मुतारीला जायचंय, किती वेळ?”

हॉटेलवाल्यानं वखारीत फोन केला. मालक स्कूटरवरून आले, मागे टेकवाबाई. तिच्या हातात पाना होता. ती जिना चढून वर आली, काच पाहिली, आमच्या चपला पाहिल्या, आणि खालच्या पायरीवर पदर सावरून बसली.

“अगं बसतेस काय?” मालकांचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. “ऊठ, सांग त्यांना काय ते!”

“मी कशी सांगू, मालक? मी पुसणारी.” तिनं कमरेचं फडकं काढलं. “पुसू का?”

“ही वेळ आहे का चेष्टेची?”

“चेष्टा नाही. हुकूम मुकादमाचा असतो. ते काय वर उभे आहेत.”

सगळ्यांनी वर पाहिलं. मेहुणा कठडा न्याहाळत होता. त्यात अचानक त्याला बरंच काही बघण्यासारखं सापडलं होतं.

“बरं बरं,” मालक म्हणाले. “आजपुरती तू मुकादम. झालं?”

“आजपुरती असेल तर काच खाली नेते,” ती म्हणाली. “कायमची असेल तर वर नेते. बोला.”

हॉटेलवाला म्हणाला, “अहो, उद्या माझं उद्घाटन आहे!”

मालकांना शेवटची वाट सुचली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. “तुम्हाला चालणार आहे का रे बाईचा हुकूम? कायमचा? नंतर कुरकुर करायची नाही.”

“मालक,” उंट काचेखालून म्हणाला, “आत्ता माकडाचाही चालेल.”

“माकड पगार कमी घेईल,” ती म्हणाली. “मालकांना तेच परवडेल.”

“बाई चालेल,” मी म्हणालो. माझा खांदा सुन्न झाला होता. उगाच मोठेपणा घेत नाही. खांदा सुन्न नसता तर इतक्या लवकर म्हणालो असतो का, सांगता येत नाही. पहिलवानांनीही माना हलवल्या.

“दिली,” मालक म्हणाले. “कायमची.”

“लिहून द्या. मुकादम, आणि पगारही मुकादमाचा. पुसणारीचा नाही.”

मालकांनी माल पोचवायचं चलन खिशातून काढलं, त्याच्या पाठीवर हॉटेलवाल्याच्या पेनानं लिहिलं आणि सही केली. तिनं ते नीट वाचलं. एक शब्द राहिला होता, ‘कायम’. तो घालून घेतला. घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. वरून रंगारी म्हणाला, “माझंही कोणीतरी लिहून घ्या हो!”

मग ती उठली. चार बोल्ट तिनं स्वतः काढले. तिसरा गंजलेला होता, त्याला दोन्ही हात लावावे लागले. कठडा सुटला तसा तो उचलून तिनं मेहुण्याच्या हातात दिला. “हा धरा. पाडू नका.” नंतर ती अर्ध्या जिन्यावर अशी उभी राहिली की दोन्ही टोकं तिला दिसतील. मेहुण्याला फक्त वरचं टोक दिसत होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“दमलेला कोण आहे?” तिनं विचारलं.

कोणी बोललं नाही.

“मग मी खाली जाते. दमलेला कोण आहे?”

“मी,” मोठा पहिलवान म्हणाला. एवढा मोठा माणूस आणि एवढासा आवाज.

“हात झटक. बोटं मोकळी कर. घाई नाही.” हॉटेलवाला तोंड उघडणार होता, तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. “आता खालच्यांनी आधी उचलायचं, वरच्यांनी नाही. मी ‘हां’ म्हटल्यावर. हां. वर. थांबा. डावा कोपरा भिंतीकडे, एक बोट. आणखी एक. थांबा. चला.”

शिवी एकही नाही. शिवीला श्वास लागतो, तो तिनं वाचवला. कठडा होता तिथून काचेची कड गेली, भिंत आणि काच यांच्यामध्ये एक बोट राहिलं. दुसऱ्या वळणावर मोठा पहिलवान आपणहून म्हणाला, “टेकवा.” टेकवली. बावीस पायऱ्यांना वीस मिनिटं लागली. काच चौकटीत बसली. रंगारी कोणालाही न विचारता धावत खाली गेला.

खाली उतरताना उंटानं मेहुण्याच्या हातातला कठडा घेतला आणि जागेवर लावला. मेहुणा दोन वर्षं आणखी टोळीत होता. उचलायचा. वाईट उचलत नसे. फक्त तिला मुकादम म्हणायचं झालं की त्याला खोकला यायचा.

ती चांगली मुकादम होती. प्रेमळ होती असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उशीर झाला तर दारातून परत पाठवायची. कारण ऐकून घ्यायची, मग परत पाठवायची. पुढे तिनं टोळीत आणखी दोन बायका घेतल्या. त्यातली एक पहिल्या महिन्यात जिन्यात रडली. टेकवाबाई म्हणाली, “रड. पण आधी टेकव, मग रड.” ती टिकली. दुसरी टिकली नाही. हात हलका होता तिचा, आणि ते तिला तोंडावर सांगितलं. मालकांना वाटलं होतं की बाई बायकांना सांभाळून घेईल. ती कामाला सांभाळून घ्यायची.

मालकांनी पगार लगेच दिला नाही. चलनाची घडी दोन वेळा टेबलावर उघडून ठेवावी लागली. तिसऱ्या वेळेला ती उघडली नाही. नुसती बसली, फडकं घेऊन, आणि टोळी मागे उभी राहिली. त्या दिवशी एकही ट्रक भरला गेला नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वहीत ‘पुसणारी’ खोडून ‘मुकादम’ लिहिलं गेलं. त्यानंतर अकरा वर्षं तिनं तो पगार घेतला. एक दिवसही फुकटचा घेतला नाही, हे मी लिहून देतो.

त्या पगारातून तिनं घर घेतलं. दोन खोल्या, मोरी, मागे कपडे वाळत घालायला जागा. दलाल तिला वरचे मजले दाखवत होता. वर हवा छान, वर आवाज नाही, वरून लांबपर्यंत दिसतं. ती म्हणाली, “लांबचं बघून झालंय माझं. खालचं दाखवा.” तळमजल्याचे पैसे जास्त पडत होते. तिनं जास्त दिले.

दाराला तीन पायऱ्या आहेत. तेवढ्या चालतील, म्हणाली.